रागाचा उतार

दालनात सहा पलंग होते, आणि सहाही पलंगांची डोक्याकडची बाजू पायांकडच्या बाजूपेक्षा किंचित खाली झुकवलेली होती. त्यांवर सहा धडधाकट माणसं उताणी पडून होती. एकालाही आजार नव्हता. तरीही त्यांचं जेवण आडवं, आंघोळ आडवी, पत्ते खेळणं आडवं, आणि भांडण झालंच तर तेही आडवंच. दोन महिने उठून बसायचं नाही, एवढी एकच अट मान्य करून ती इथे आली होती.

डॉ. इर्शाद मुजावर दारातच थबकले. मिरजेच्या एका इस्पितळात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काढल्यावर पुरंदरच्या पायथ्याशी उभारलेल्या या अंतराळवैद्यक केंद्रात ते त्याच आठवड्यात रुजू झाले होते.

“मॅडम, माझी सगळी उमर माणसांना पलंगावरून उठवण्यात गेली,” ते म्हणाले. “तुम्ही तर चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसांना आडवं पाडलंय.”

डॉ. हेमलता काकतकर हसल्या. त्यांचं हसणंही त्यांच्यासारखंच होतं, आवाज न करणारं. केंद्रात त्यांचा चढलेला स्वर अजून कुणी ऐकला नव्हता. घरीही नव्हता. लहानपणी आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, “आमची हेमा कधी रुसली नाही की रागावली नाही,” आणि ते कौतुक त्यांनी पुढची चाळीस वर्षं इमानाने सांभाळलं होतं.

“अंतराळात वजन नसतं,” त्या समजावू लागल्या. “रक्त पायांत उतरत नाही, छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. पलंग असा कलता ठेवला की इथेही तेच होतं. शरीराला वाटतं, आपण तरंगतोय. आणि मग ते एक काम हळूहळू विसरून जातं.”

“उभं राहायचं.”

“हो. तुम्ही खुर्चीतून उठता तेव्हा रक्त पायांकडे धावतं, मेंदूचा पुरवठा कमी पडायची वेळ येते. पण मानेतल्या धमनीत दाब जोखणारे चेतातंतू असतात. आम्ही त्यांना दाबचेता म्हणतो. त्या मेंदूच्या देठाला खबर देतात, तो हृदयाला वेग देतो, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. महिनोन्‌महिने उभंच राहिलं नाही, तर या दाबचेता आळसावतात. गेल्या वर्षी मैथिली निंबाळकर चंद्राजवळच्या स्थानकावरून परत आल्या, आठवतं ना?”

आठवत होतं. सगळ्या देशाने ते पाहिलं होतं. यानाच्या दारात उभी राहिलेली मैथिली, हसून वर केलेला हात, आणि पुढच्या क्षणी कापडाच्या बाहुलीसारखं कोसळलेलं तिचं शरीर.

“चौघांनी धरलं म्हणून डोकं वाचलं,” हेमलताबाई म्हणाल्या. “आता ती मंगळावर चालली आहे, आणखी तिघांना घेऊन. तिथे धरायला कोण?”

इर्शादभाईंनी मान हलवली. “पण त्याला व्यायामाची यंत्रं आहेत, दाबाचे पोशाख आहेत. तुम्ही शोधलेल्या त्या पेप्टाइडचा त्यात काय संबंध?”

हा प्रश्न हेमलताबाईंच्या आवडीचा होता. त्यांनी इर्शादभाईंना खिडकीपाशी नेलं. बाहेर उंबराच्या फांदीवर एक खार शेपटी उडवत बसली होती.

“तिला मांजर दिसलं की मेंदूत एक पेप्टाइड सुटतं, अमिनो आम्लांची जेमतेम चाळीस मण्यांची माळ. ते सगळ्या शरीराला हाळी देतं. मागोमाग दुसरं सुटतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. काळीज धडधडतं, दाब चढतो, खार शेंड्यावर पळते. आपल्यातही हेच होतं. फरक आहे तो मांजर गेल्यावर. खार लगेच खाली उतरून शेंग फोडत बसते. तिचं काळीज तोवर ठिकाणावर आलेलं असतं. आपलं येत नाही. सकाळी कुणी टाकून बोललं तर आपण संध्याकाळपर्यंत तो शब्द चघळतो. हाळी बारीक आवाजात चालूच राहते, आणि दाबही थोडा चढलेलाच राहतो.”

“आणि मग दाबचेतांना त्या चढलेल्या दाबाचीच सवय लागते,” इर्शादभाई एकदम उत्साहात म्हणाले. “तोच त्यांना बरोबर वाटायला लागतो. बोथट होतात त्या. माझ्या रक्तदाबाच्या रोग्यांत मी हे रोज पाहिलंय.”

“बंद डब्यात वर्षभर चार माणसं राहिली तर तेच होणार. आधीच वजन नसल्यामुळे दाबचेता आळसावलेल्या, त्यात ताणाने बोथट झालेल्या. खारीच्या मेंदूत मला एक तिसरं पेप्टाइड सापडलं. मी त्याला निवर्तक म्हणते, म्हणजे मागे फिरवणारं. मांजर समोर असताना ते काहीच करत नाही. मांजर गेलं की हाळी थांबवतं. बस, एवढंच त्याचं काम.”

प्रयोगाची मांडणी साधी होती. रोज सकाळी सहा जणांच्या नाकात थेंब घातले जायचे. तिघांच्या थेंबांत निवर्तक, तिघांच्या थेंबांत मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय हे पुण्यात बसलेल्या नूतन वाघमारे या संख्याशास्त्रज्ञ बाईंखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. दंडावरच्या पट्ट्या रक्तदाब अखंड टिपत होत्या, पण ते आलेखही शेवटपर्यंत नूतनबाईंकडेच बंद राहणार होते. डॉक्टरांनी नकळतही पक्षपात करू नये, म्हणून. फक्त दाब धोक्याच्या रेषेपलीकडे गेला, तर दालनालगतच्या खोलीत इर्शादभाईंच्या टेबलावरची घंटी वाजणार होती.

पहिल्या आठवड्यात सहाही जण भांडले. पंख्याचा वेग, भाजीतलं मीठ, भिंतीवरच्या पडद्यावर सामना लावायचा की मालिका, कशावरूनही वाजायचं. मग हळूहळू दालनाचे दोन भाग पडले. खिडकीकडचे तिघे निवत गेले. त्यांच्यात नचिकेत गोगटे नावाचे चिपळूणचे भूगोलाचे शिक्षक होते. काहीही विचारलं तरी “चालेल” म्हणायचे. थंड चहा चालेल, गार पाणी चालेल, सुई पुन्हा टोचावी लागली तरी चालेल. हेमलताबाईंना त्यांच्याकडे पाहून समाधान वाटायचं. आपल्या निवर्तकाचा चेहरा असाच असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

दाराकडचे तिघे मात्र निवायचं नाव घेत नव्हते, आणि त्यांच्या म्होरक्या होत्या रूपाली सरवदे.

रूपाली धाराशिवच्या. खो-खोच्या पंच. मैदानावर दोनशे माणसं अंगावर धावून आली तरी दिलेला निर्णय न बदलणाऱ्या. पलंगाला पाठ टेकलेली असूनही दालनात काय चाललंय यावर त्यांचा डोळा असायचा.

“ओ ताई, गोगटेसरांना दोन पोळ्या आणि मला दीड? हा कुठला नेम?”

“वजनाप्रमाणे आहार ठरलाय, रूपालीताई.”

“माझं वजन कुणी केलं? झोपून केलंय ते! झोपलेल्या माणसाचं वजन कमीच भरतंय.”

आहारतज्ज्ञ मुलगी विज्ञान सांगायला जायची, रूपाली तिला मध्येच तोडायच्या, शेजारचे दोघे त्यात तेल ओतायचे आणि आवाज टिपेला जायचा. टेबलावरची घंटी वाजायची. इर्शादभाई धावत यायचे, तोवर रूपाली त्याच मुलीला आपल्या गावच्या जत्रेची गंमत सांगत असायच्या आणि मुलगी पदर तोंडाला लावून हसत असायची.

घंटी फार वेळा वाजू लागली तसे इर्शादभाई हेमलताबाईंच्या खोलीत आले. “मॅडम, रूपालीबाईंना काढा प्रयोगातून. मला काळजी वाटते. मंगळाचं राहू दे, एखाद दिवशी इथेच मेंदूत रक्तस्राव व्हायचा.”

“घंटी किती वेळ वाजते?”

“वाजते आणि बंद होते. पण वाजते ना! खिडकीकडच्या तिघांची एकदाही वाजली नाही. उघड आहे. ह्या बाईंना मिठाचं पाणी मिळतंय. पाण्यासाठी बाईंचा जीव का धोक्यात घालायचा?”

हेमलताबाईंनाही तसंच वाटत होतं. पण सहातून एक काढला तर तुलनाच लंगडी पडणार होती. मंगळमोहिमेचं प्रस्थान जवळ आलं होतं आणि दुसऱ्यांदा प्रयोग करायला सवड नव्हती. त्या रूपालींशी बोलायला गेल्या. दुपारची वेळ होती, बाकीचे डुलक्या घेत होते.

“रूपालीताई, तुमची प्रकृती महत्त्वाची आहे. तुम्हाला घरी जायचं असेल, तर—”

“मी कुठं म्हणाले जायचं असेल? तुम्हाला घालवायचंय म्हणून सांगा की सरळ!”

“तसं नाही. तुम्हाला फार राग येतो, म्हणून डॉक्टरांना—”

“राग येतोय तर येतोय! तुम्हाला येत नाही का? का तुम्हाला माणसं दगडाची पायजेत? तसं होतं तर सहा दगड आणून ठेवायचे पलंगावर, जेवणाचाही खर्च वाचला असता!” घंटी वाजली. “मी शब्द दिलाय दोन महिन्यांचा. पंचाचा शब्द हाय तो. माझ्या भाचीनं शाळेत सगळ्यांना सांगितलंय, माझी आत्या मंगळावर जाणाऱ्यांसाठी झोपलीय म्हणून. त्या पोरीला काय तोंड दाखवू? हाकलून दिलं म्हणून सांगू?”

इतक्या जोराने हेमलताबाईंवर कधीच कुणी ओरडलं नव्हतं. तेवढ्यात घंटी थांबली, आणि रूपाली अगदी वेगळ्या, घरगुती आवाजात म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या साडीचा काठ लई सुंदर हाय. पैठणचा का येवल्याचा?”

“येवल्याचा,” हेमलताबाई कशाबशा म्हणाल्या.

त्या घरी गेल्या. जेवल्या. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर “काही नाही” म्हणाल्या. पण दगडांचं वाक्य कानातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दालनात शिरताना त्यांना धाकधूक वाटली. रूपालींना मात्र कालचं भांडण आठवतही नव्हतं. त्या पंख्यावरून कुणाशी तरी वाद घालण्यात दंग होत्या.

हेमलताबाईंनी त्यांना ठेवून घेतलं. इर्शादभाईंनी नापसंती दर्शवली, पण रोज सकाळी स्वतः येऊन ते रूपालींच्या डोळ्यांची, हातापायांची तपासणी करू लागले. रूपाली त्यांच्याशीही भांडल्या, आणि मिरजेच्या तंबोऱ्यांबद्दल त्यांच्याकडून बरंच काही शिकल्या.

शेवटी उठण्याचा दिवस आला.

एका फळीवर माणसाला बांधायचं, आणि ती फळी एकदम उभी करायची, अशी ती कलती चाचणी. आजूबाजूला चार धरणारे. समोर डॉक्टर. अवकाश मंडळाचे अध्यक्ष पडद्यावरून पाहत होते. पहिले आले नचिकेत गोगटे. फळी उभी राहिली. त्यांनी सवयीने “चालेल” म्हणायला तोंड उघडलं, ओठ पांढरेफटक पडले आणि मान कलंडली. फळी घाईघाईने आडवी केली. दुसरे आले, त्यांचंही तेच. तिसऱ्या बाईंनी थोडा दम धरला, पण अंगाला दरदरून घाम सुटला आणि त्यांचीही शुद्ध गेली.

खिडकीकडचे तिघेही कोसळले होते. हेमलताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. शांत झालेले तिघे. आपलं निवर्तक घेतलेले तिघे.

मग दाराकडचे आले. पहिला, नांदेडचा एक मोटार दुरुस्त करणारा गडी, जरासा डगमगला आणि सावरला. दुसरी, डोंबिवलीची नृत्यशिक्षिका, डोळे मिचकावत उभी राहिली. शेवटी रूपाली. फळी सरळ झाली तशी त्यांनी आजूबाजूला नजर टाकली आणि म्हणाल्या, “केवढं बुटकं दिसतंय सगळं! आता हे पट्टे सोडा की. किती वेळ बांधून ठेवणार?”

धरणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी वाजवल्या नाहीत. “डॉ. काकतकर,” ते पडद्यावरून म्हणाले, “शांत माणसं कोसळली, भांडणारी उभी राहिली. याचा अर्थ मी काय घ्यायचा?”

“कुणाला काय मिळालं, तो संकेत अजून उघडलेला नाही, सर.”

“उघडा. पण मला वाटतं, तुम्हालाही उत्तर कळलेलं आहे.”

त्यांना कळलं होतं. औषध नुसतं निरुपयोगी नव्हतं, मिठाच्या पाण्यापेक्षाही वाईट होतं. अकरा वर्षं त्यांनी खारीच्या मागे घालवली होती. त्या आपल्या खोलीत आल्या. इर्शादभाईही मागोमाग आले आणि न सांगता चहा मागवून बसून राहिले. पुण्याहून नूतनबाईंचा फोन आला तेव्हा हेमलताबाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“अभिनंदन, हेमलताबाई!” नूतनबाईंचा आवाज उत्साहाने ओसंडत होता. “इतका स्वच्छ निकाल मी आजवर पाहिला नाही. निवर्तकाचे तिघे उभे, पाण्याचे तिघे आडवे.”

“उलटं सांगताय तुम्ही,” हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या. “गोगटेंना निवर्तक होतं.”

“छे हो. गोगटेंना पाणी होतं. खिडकीकडच्या तिघांना पाणीच होतं. निवर्तक सरवदेबाईंना आणि त्यांच्या दोन शेजाऱ्यांना. आलेख पाठवलेत, बघा.”

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. रूपालींची रेषा करवतीच्या दात्यांसारखी होती. उंच चढायची आणि तितक्याच वेगाने खाली यायची, पुन्हा चढायची, पुन्हा खाली. नचिकेत गोगट्यांची रेषा जवळजवळ सपाट होती. फक्त ती जिथे असायला हवी त्याच्या बोटभर वर होती, आणि गेले कित्येक आठवडे तिथून हललीच नव्हती. धोक्याच्या रेषेला ती कधी शिवली नाही, म्हणून घंटी कधी वाजली नव्हती.

इर्शादभाईंनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं मला. मांजर समोर असताना निवर्तक काहीच करत नाही. ते राग थांबवत नाही, राग उतरवतं. आणि आपण दोघं शांत माणूस शोधत बसलो!”

हेमलताबाईंना सगळं एकदम उलगडत गेलं. पहिल्या आठवड्यात सगळेच भांडले होते. ज्यांना पाणी मिळत होतं, त्यांना प्रत्येक भांडण दिवसभर पुरलं. अंग कापायचं, झोप उडायची. शरीराने धडा घेतला आणि त्यांनी भांडणंच सोडली. पण मनातली हाळी चालू राहिली. ज्यांना निवर्तक मिळत होतं, त्यांना भांडणाची किंमतच मोजावी लागत नव्हती. राग आला, बोलले, उतरला. मग पुढच्या वेळी गप्प तरी कशाला बसतील? दिवसातून दहा वेळा दाब चढला आणि दहा वेळा उतरला, आणि त्या प्रत्येक चढउताराला दाबचेता खडबडून जाग्या झाल्या. आडव्या पडलेल्या माणसाला उभं राहण्याचा सराव दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळणार होता?

त्या दालनात गेल्या. नचिकेत गोगटे लिंबूपाणी घेत पडले होते.

“सर, एक विचारू? तुम्हाला इथे काही त्रास होत होता का?”

“छे, छे. सगळं चालेल असंच होतं.”

“खरं सांगा.”

गोगट्यांनी पेला खाली ठेवला. “माझ्या डोक्यावरच्या हवेच्या नळीतून वारा शिटी घालायचा,” ते हळूच म्हणाले. “पहिल्या आठवड्यापासून. एकसारखा. मला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, एवढ्या मोठ्या कामात ही काय तक्रार? दोन महिने मी ती शिटी ऐकत पडलो होतो, डॉक्टर.”

“अहो सर!” पलीकडून रूपाली खुर्चीतून उठल्याच. “मला सांगायचं होतं! मी दालन डोक्यावर घेतलं असतं!”

अध्यक्षांची समजूत घालणं मात्र सोपं गेलं नाही. मंडळाच्या बैठकीत त्यांनी निकाल मान्य केला, पण कपाळावरची आठी गेली नाही. “डॉक्टर, हे चौघे आम्ही हजारोंतून निवडले ते त्यांना राग येत नाही म्हणून. आता तुमचं औषध देऊन आम्ही त्यांना भांडखोर करायचं? ते नाकात थेंब घालतील आणि शांतही राहतील. दोन्ही फायदे घेऊ.”

“शांत राहिले तर उपयोग व्हायचा नाही, सर. चढच नसेल तर निवर्तक उतरवणार काय?”

“हे बघा, मंडळाच्या दृष्टीने यानातली शिस्त—”

“मंडळाची शिस्त मंगळावर त्यांना धरायला येणार आहे का?”

हा आवाज कुणाचा, ते क्षणभर कुणाला कळलंच नाही. हेमलताबाईंनाही नाही. त्या उभ्या राहिल्या होत्या. “मैथिली कोसळली तेव्हा चार जण होते. तिथे कोणी नसेल. मी तुम्हाला आलेख दाखवलाय. तो पटत नसेल तर पटत नाही म्हणा, पण शिस्तीच्या नावाखाली त्या पोरांचे प्राण पणाला लावू नका!”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या पद्धतीने करा.”

बाहेर आल्यावर हेमलताबाई बाकावर बसल्या. छातीत धडधडत होतं. इर्शादभाईंनी त्यांचं मनगट धरून नाडी पाहिली आणि हसू दाबत म्हणाले, “उतरायला वेळ लागेल, मॅडम. तुम्ही निवर्तक घेत नाही ना.”

“लागू दे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना फार बरं वाटलं.

रूपाली सरवदेंना केंद्राने पुन्हा बोलावून घेतलं, या वेळी शिकवायला. मंगळाच्या चमूत मैथिलीखेरीज एक भूशास्त्रज्ञ, एक अभियंता आणि एक डॉक्टर होते. चौघेही इतके सभ्य, की एकाच दारातून जाताना “आधी तुम्ही” म्हणत ताटकळत उभे राहायचे. भूशास्त्रज्ञ अन्वर काझी म्हणाले, “तुमचंही बरोबर असेल,” तेव्हा रूपालींनी शिट्टीच फुंकली.

“असेल काय? तुम्हाला काय वाटतंय ते सांगा!”

“मला वाटतं, मैथिलीताई चुकताहेत.”

“मग तसं म्हणा. जोरात. आणि आईबाप, जात, रूप यांवर जायचं नाही, ते फाऊल. ज्या गोष्टीचं भांडण, त्याच गोष्टीवर बोलायचं.”

सुरुवातीला चौघांना रडायला आलं. निवर्तकाचे थेंब सुरू झाल्यावर मग जमू लागलं. प्रस्थानाच्या आधी चौघे एका डब्यातल्या शेवटच्या लाडवावरून अर्धा तास भांडले आणि मग तो त्यांनी रूपालींनाच दिला.

यान गेलं. प्रवासातले त्यांचे आलेख रोज केंद्रात येत, करवतीच्या दात्यांचे. हेमलताबाई ते चहाबरोबर पाहत. घरीही काही बदल झाले. एका रविवारी त्यांनी नवऱ्याला सरळ सांगून टाकलं की तीस वर्षं ते भांडी जशी लावतात तशी आपल्याला अजिबात आवडत नाहीत. नवऱ्याने आ वासला, मग वाद घातला, मग दोघांनी मिळून भांडी पुन्हा लावली.

मंगळावर यान उतरलं त्या सकाळी नियंत्रणकक्षात बसायला जागा नव्हती. हेमलताबाई आणि इर्शादभाई दाबाच्या पडद्यासमोर होते. रूपाली मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. तिथला आवाज इथे यायला कैक मिनिटं लागत होती, त्यामुळे जे ऐकू येणार ते घडून गेलेलं असणार होतं. परग्रहावरून माणसाचा पहिला शब्द येणार होता.

आला तो मैथिलीचा आवाज. “अन्वर, तिथून नाही म्हटलं ना! शिडी डावीकडून सोडायची ठरली होती!”

“डावीकडे उतार आहे, ताई! खिडकीतून बघा तरी एकदा!”

“मी बघितलंय!”

“मग दिसत कसं नाही तुम्हाला?”

कक्षात खळबळ उडाली. अध्यक्षांचा चेहरा पडला. साऱ्या जगाला हे ऐकू जात होतं. “त्यांना निरोप पाठवा,” ते घाईने म्हणाले. “शांत व्हा म्हणावं. ताबडतोब!”

हेमलताबाईंनी पडद्यावरून नजर हटवली नाही. चारही रेषा सरसर वर चढल्या होत्या. “नका पाठवू, सर,” त्या म्हणाल्या. “तुमचा निरोप तिथे पोचेल तेव्हा त्यांना कळणारही नाही तो कशाबद्दल आहे.”

इर्शादभाईंनी बोटाने दाखवलं. एक रेषा वळली, मग दुसरी. चारही खाली येऊ लागल्या. त्याच वेळी खुर्च्यांचे पट्टे सुटल्याचा आवाज आला, आणि रेषांनी एक छोटासा हिसका खाऊन स्वतःला सावरलं. चौघे उभे राहिले होते.

“बरं बाबा, उजवीकडून,” मैथिली म्हणत होती. “पण दार मीच उघडणार.”

मग चौघांचं हसणं ऐकू आलं, लांबून, थोडं खरखरत. तिकडे ते केव्हाच हसून झालं होतं. इकडे ते आत्ता पोचत होतं.